एमिली मार्टिन : विज्ञानाच्या भाषेचा मानवशास्त्रीय शोध

प्रस्तावना
विज्ञानाची भाषा तटस्थ असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. या गृहीतकाची चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांत अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एमिली मार्टिन (जन्म १९४४) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांच्या अभ्यासप्रवासाचा आढावा घेऊन मराठी अध्यापनाच्या संदर्भात त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासाची वाटचाल
मार्टिन यांचे आरंभीचे संशोधन एका चिनी खेड्यातील मृतांच्या पूजाविधींविषयी होते. तैवानमधील क्षेत्रकार्यावर आधारलेला हा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अध्यापन करीत असताना हीच दृष्टी त्यांनी स्वतःच्या समाजातील वैद्यकाकडे वळविली. 'द वुमन इन द बॉडी' (१९८७) या ग्रंथासाठी त्यांनी बाल्टिमोरमधील विविध थरांतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत शरीर हा जणू कारखाना असून मासिक पाळी हे फसलेले उत्पादन ठरते, असे त्यांनी दाखविले.

१९९१ च्या 'द एग अँड द स्पर्म' या लेखात त्यांनी फलनाच्या वर्णनांची तपासणी केली. या वर्णनांत शुक्राणू पराक्रमी, तर स्त्रीबीज निष्क्रिय असे. हॉपकिन्स येथील संशोधनात मात्र शुक्राणूचा पुढे रेटण्याचा जोर अत्यंत क्षीण असल्याचे आढळले होते. तरीही संशोधकांची भाषा तत्काळ बदलली नाही. पुरावा बदलला, रूपक टिकले. स्त्रीबीजाला शुक्राणू पकडणारी आक्रमक शक्ती ठरविणारी नवी प्रतिमाही तितकीच पूर्वग्रहदूषित असल्याचे मार्टिन यांनी नोंदविले. 'फ्लेक्सिबल बॉडीज' (१९९४) मध्ये रोगप्रतिकारशक्तीविषयीच्या कल्पनांचा, तर 'बायपोलर एक्सपिडिशन्स' (२००७) मध्ये, स्वतःचे निदान न लपविता, उन्माद व नैराश्य यांचा अभ्यास त्यांनी केला.

मराठी संदर्भ
भारतात लीला दुबे (१९२३–२०१२) यांनी १९८६ साली 'बीज पुरुषाचे, क्षेत्र स्त्रीचे' या रूपकाची चिकित्सा केली. अपत्यांवरील व साधनसंपत्तीवरील पुरुषाच्या हक्काचे या रूपकाने समर्थन होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'स्त्रीबीज' ही मराठी संज्ञा बीजाचे कर्तृत्व स्त्रीकडेही देते. परंतु 'शुक्राणू स्त्रीबीज फलित करतो' या वाक्यात कर्ता एकच उरतो. 'दोहोंच्या संयोगाने फलन होते' हे विधान अधिक अचूक ठरते.

समारोप
मार्टिन यांनी विज्ञानाचे निष्कर्ष नाकारले नाहीत. ते मांडणारी भाषा पुराव्याशी ताडून पाहिली. जीवशास्त्र व समाजशास्त्र वेगवेगळ्या वर्गांत शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी पाठ्यपुस्तकातील असे एखादे प्रकरण एकत्र वाचावे, इतकी निकड या कार्यातून निश्चितच सूचित होते.