खडखडा थांबतो तेव्हा

कोल्हापुरात कसबा बावड्याला या. लक्ष्मी विलास राजवाड्याचा, म्हणजे शाहू जन्मस्थळाचा उंबरठा ओलांडा. आता साल १८७४, तारीख २६ जून. कागलच्या घाटग्यांना मुलगा झालाय. नाव यशवंत. दहाव्या वर्षी हा छत्रपतींच्या गादीवर दत्तक जाणार आणि शाहू होणार, हे इथं फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

चार पावलं पुढं या. १९०२चा जुलै उजाडलाय आणि तुम्ही दरबारच्या कचेरीत उभे आहात. महाराज विलायतेत आहेत, पण त्यांचा हुकूम गॅझेटात छापून आलाय: यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांना. कारकुनांचे चेहरे बघा. महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडं होत्या. कुजबुज होणारच.

पण खरी गंमत आणखी काही वर्षं पुढं, भाऊसिंगजी रोडवर आहे. चला. चहाला आधण आलंय आणि हॉटेलात चिटपाखरू नाही. मालक गंगाराम कांबळे. राजवाड्याच्या चाकरीत असताना सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी धंदा काढायला पैसे दिले, हॉटेल उभं राहिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायचा कुणी?

तेवढ्यात रस्ता दणाणतो. महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी! घोडे थांबतात आणि तो पैलवानी देहाचा राजा भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, गंगारामांकडं चहा मागतो. बरोबरच्या मंडळींपुढंही चहा येतो. राजानं घोट घेतल्यावर ती नाही कशी म्हणणार? आजूबाजूला बघ्यांची गर्दी वाढत चाललीय. तुम्हीही हात पुढं करा, कप घ्या.

कचेरीतला तो हुकूम नोकऱ्यांची दारं उघडू शकत होता. लोकांच्या मनातला विटाळ काढणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. महाराजांना हे नेमकं कळत होतं, म्हणून ते हुकूम काढून थांबले नाहीत, हॉटेलात आले.

अंबाबाईचं दर्शन झालं, तांबडा-पांढरा ओरपून झाला, की पोराबाळांना घेऊन बावड्याची वाट धरा. आरक्षणावर तावातावानं बोलणाऱ्या प्रत्येकानं, बाजू कुठलीही असो, आधी हा वाडा बघावा.