सशामागचं कुत्रं कोंबड्यांत

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत नांदेड जिल्हा परिषद जे प्रदर्शन भरवत आली आहे, त्यात घोडे, कुत्री आणि कोंबड्या एकाच मैदानात असतात. अश्व, श्वान, कुक्कुट असं कागदावर लिहितात. लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्ष वद्यात, वेळ अमावस्येच्या तोंडावर तिथं माणूस आणि जनावर सारख्याच गर्दीनं जमतं. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक आम्हाला डॉक्टरच म्हणायचे, आम्हीही दुरुस्त करत बसायचो नाही. प्रदर्शनाची ड्युटी लागली की मी कारवान कुत्र्यांच्या रांगेजवळ रेंगाळायचो. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, अंगावर झूल, मालकाच्या हातात दोरी. पलीकडे डालग्याखालचा कोंबडा आरवला की रांगेतल्या सगळ्या माना एकदम वळायच्या आणि सगळ्या दोऱ्या एकदम ताणल्या जायच्या.

आमच्या भागातल्या कुत्र्याकोंबड्यांचं सगळं भांडण त्या ताणलेल्या दोरीत आहे. हे कुत्रं नजरेनं शिकार करणारं. वास घेत हिंडणं त्याचा धर्म नाही. समोर काही पळालं की ते सुटतं. अरबस्तान-अफगाणिस्तानाकडच्या तांड्यांबरोबर याचे पूर्वज दख्खनेत आले असं सांगतात, आणि सालुकी कुत्र्याशेजारी उभं केलं तर ते पटतंही. कानांना, पायांना, शेपटीला रेशमी झालर असलेलं ते पश्मी. चाकूर तालुक्यातलं जानवळ या दोन्ही कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. पण नाव कमावलं कर्नाटकातल्या मुधोळनं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली आणि तिथून त्यांची ख्याती झाली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली तेव्हाही तिकिटावर मुधोळच आलं. जानवळचा माणूस यावर अजून कुरकुरतो. मीही त्याच्याच बाजूचा.

निजामाच्या राज्यात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत आणि पुढंही काही वर्षं, या कुत्र्याला एकच काम होतं. ज्वारी निघाली, रान मोकळं झालं की ससा उठवायचा आणि कुत्रं सोडायचं. उरलेल्या वेळी ते वाड्यात ढाळजेपाशी बांधलेलं असायचं. कोंबड्या मोकळ्या, कुत्रं बांधलेलं. त्यामुळे प्रश्नच नव्हता. गल्लीतलं गावठी कुत्रं मात्र मोकळंच असायचं. ते उकिरड्यावर कोंबड्यांच्या शेजारीच वाढायचं. पिल्लू असताना खुडुक कोंबडीच्या फार जवळ गेलं की ती अंग फुगवून धावायची आणि नाकावर अशी चोच मारायची की पोरगं केकाटत चुलीमागं जायचं. बहुतेकांची शाळा तिथंच संपायची.

त्याहून पक्की शाळा धनगरांची. मेंढरं घेऊन वाडा हलला की घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं असायचं, आणि त्या बिऱ्हाडावर कोंबड्या, कोकरं आणि कुत्र्याची पिल्लं एकत्रच बसलेली असायची. डोळे उघडल्यापासून ज्या पिल्लानं कोंबडीच्या अंगाचा वास घेतला, तिच्या फडफडीनं जे झोपेतून उठलं, त्याला मोठेपणी कोंबडी म्हणजे खाणं वाटतच नाही, घरचं माणूस वाटतं. अमेरिकेत जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या स्वभावावर वर्षानुवर्षं काम करून १९६५ साली पुस्तक लिहिलं. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंतच्या काळात जे सोबत असतं ते आपलं होतं, असं त्यांना दिसलं. धनगरानं आठवडे मोजले नव्हते. त्याला दुसरी जागाच नव्हती, म्हणून घोड्याच्या पाठीवरच ते घडत होतं.

मग १९७२ आलं. आमच्याकडे ते साल दुष्काळानं लक्षात आहे. खडी फोडणारे हात आणि सुकडी. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच साली झाला. सशामागं कुत्रं सोडणं गुन्हा ठरला. कायदा गावात एका दिवसात पोहोचला नाही हे कबूल, पण पोहोचला. त्यात पुढं पाटबंधारे आले, ऊस आला, नंतर सोयाबीननं ज्वारीची रानं गिळली. धावायला मैदानच उरलं नाही. शिकार गेली आणि कुत्रं राहिलं. त्याला मालकानं शेतातल्या आखाड्यावर नेलं, राखणीला. राखण बांधलेल्या कुत्र्याकडून होत नाही. दोरी सुटली, आणि आखाड्यावर कोंबड्या होत्याच.

‘सायेब, कुत्रं कोंबड्या खाऊलालंय,’ ही तक्रार दवाखान्यात तेव्हापासून वाढली. जणू माझ्याकडे त्याचं इंजेक्शन होतं.

कोंबडीही तीच राहिली नव्हती. गावरान कोंबडी हलकी. दिवस मावळला की लिंबावर चढून बसायची, संकट दिसलं की उडायची. सरकारी योजनांतून पांढऱ्या लेगहॉर्न आल्या. त्या स्वभावानंच घाबरट, पानाच्या सळसळीनं धावत सुटणाऱ्या. तांबड्या-काळ्या कोंबड्यांत वर्षभर शहाण्यासारखं वागलेलं कुत्रं या पांढऱ्या पळपुट्या पाखरांमागं लागलेलं मी पाहिलंय. त्याच्या हिशेबी त्या कोंबड्या नव्हत्याच. त्यानंतर हैदराबादची वनराजा, बंगळूरची गिरिराजा आली: अंगानं जड, झाडावर चढणं जमेना. खळ्यावर सांडलेली ज्वारी वेचत कोंबड्या एका जागी रमायच्या, तेही मळणीचा हडंबा आल्यावर आणि सोयाबीन वाढल्यावर कमी झालं. कोंबडी दाण्यासाठी लांब हिंडू लागली, कुत्र्याच्या नजरेत जास्त वेळ राहू लागली.

उपायही तसेच अघोरी निघाले. मारलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायची, सडेपर्यंत ठेवायची. अंड्यात मिरची भरून खाऊ घालायचं. ओढाळ गुराला अडकवतात तसं लोढणं गळ्यात अडकवायचं. यातलं लोढणं तेवढं खरं काम करतं, कारण ते पळूच देत नाही. पण लोढणं काढलं की गडी जिथल्या तिथं. सडक्या कोंबडीनं कुत्रं काही शिकत नाही. त्याला माशा चावतात आणि मालकाची भीती बसते. चूक घडून तासभर झाल्यावर दिलेला मार त्याच्या लेखी आकाशातून पडलेला असतो.

ज्यांना जमलं ते बहुधा सालगड्याच्या घरातले, त्यातही बाया. त्या काही शिकवतोय असं म्हणायच्या नाहीत. पिल्लू आणलं की खुराड्याजवळच दाव्याला बांधायचं, कोंबड्या त्याच्या अवतीभवती चरायच्या. ते झेपावलं की दाव्याचा हिसका आणि एक ‘हाड’. गप पडून राहिलं की भाकरीचा तुकडा. त्याचं जेवण कोंबड्या कोंडल्यावर, ताकात कुस्करलेली भाकरी. कोंबडी कापली तर पिसं आणि आतडी खोल पुरायची, कुत्र्यापुढं टाकायची नाहीत. महिनोन् महिने दावं सुटायचं नाही. सुटलं तरी पहिल्या दिवसांत लांब दोरी जमिनीवर लोळत असायची, पाय द्यायला सोपी. या सगळ्यात महत्त्वाचा तो तुकडा. झेप घेतल्यावर ओरडणारे पुष्कळ असतात. कुत्र्यानं कोंबडीवरून स्वतःहून नजर काढली, त्या क्षणाला दाद देणारं माणूस क्वचित. आणि नजरेनं जगणाऱ्या कुत्र्याला शिकवायचं असतं ते नेमकं एवढंच.

ऑस्ट्रेलियात वॉर्नांबूल शहराजवळ समुद्रात मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. तिथले पेंग्विन कोल्ह्यांनी जवळजवळ संपवले होते. कोंबड्या मोकळ्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याची मरेम्मा जातीची कुत्री त्याच्या कोंबड्या कोल्ह्यांपासून राखत, म्हणून त्यानं तीच पेंग्विनवर ठेवा असं सुचवलं, आणि २००६ पासून तसं झालं. हे ऐकून आमच्याकडचा एखादा कारवानला तेच सांगायला जाईल. जाऊ नये. मरेम्मा पिढ्यान् पिढ्या मेंढरांत बसायला निवडलेली, कारवान पिढ्यान् पिढ्या धावायला. ते कोंबड्यांचं रक्षण करील ही अपेक्षा जास्तीची. कोंबड्या सोडून देईल एवढी ठेवावी.

जानेवारी २०२१ मध्ये अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीत बर्ड फ्लू निघाला. नियमानं बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरं नष्ट करायची असतात, गावरान असोत की पोल्ट्रीतली. अशा आखाड्यांवर शिकवलेलं कुत्रं राहतं आणि कोंबड्या जातात. पुढं नवी पाखरं आली की जुनं शहाणपण तसंच चालेल असं लोक धरून चालतात. निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात, त्यांना मी पहिले काही दिवस पुन्हा दोरी लावायला सांगतो. अहमदपूरकडच्या एका तरुणानं नुकतंच पश्मीचं पिल्लू बऱ्याच पैशांना घेतलंय. त्याला म्हटलं, आधी खुराड्याशेजारी बांध. तो म्हणाला, ‘काका, एवढं महागाचं कुत्रं उकिरड्यापाशी कुठं बांधावं?’

‘मग कोंबड्या विकून टाक,’ मी म्हटलं.

त्यानं पिल्लू बांधलं. दावं मात्र नायलॉनचं, रंगीत.