रिकाम्या पाकिटाने काढलेला सिनेमा

१९७७च्या नाताळात अमेरिकेतल्या कित्येक मुलांना भेट म्हणून चक्क पुठ्ठ्याचं पाकीट मिळालं. आत खेळणं नाहीच! ‘स्टार वॉर्स’ मे महिन्यात आला आणि तुफान चालला, पण सिनसिनाटीच्या ‘केनर’ कंपनीच्या बाहुल्या तयार नव्हत्या. मग कंपनीने पाकिटात कूपन घालून विकलं. ते पाठवा, पुढच्या वर्षी ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू टपालाने घरी येतील.

आता दुसरी बाजू बघा. जॉर्ज लुकासने मानधन वाढवून मागण्याऐवजी पुढच्या भागांचे आणि खेळण्यांसारख्या वस्तूंचे हक्क स्वतःकडे ठेवले होते. स्टुडिओला त्यात फारसं काही दिसलं नव्हतं. त्याच कमाईच्या जोरावर आणि बँकेचं कर्ज काढून त्याने १९८०चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ उभा केला. पैसा स्वतःचा, म्हणून धाडसही स्वतःचं. नायक हात गमावतो, मित्र गोठवला जातो आणि सिनेमा हरलेल्या अवस्थेत संपतो. आज अनेकांना तोच भाग सर्वांत आवडतो.

तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हता. मधली तीन वर्षं मुलांनी गोष्ट पुढे नेली ती या पावणेचार इंची बाहुल्यांशी खेळून. न उघडलेली बाहुली महाग विकली जाते, खरंय. पण जुन्या बाजारात रंग उडालेला ल्यूक दिसला, तर तोही जरूर घ्या. कुणीतरी दुसरा भाग आधी त्याच्यासोबत रचला होता.