गाठ जळते, पण रोग?

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षानेही मान डोलवावी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. तो पाळतो.

पूर्वपक्ष असा: स्तनाच्या कर्करोगात सुरी, केमो आणि रेडिएशन या तिन्हींत निरोगी शरीराचीही होरपळ होते. त्याऐवजी सोन्याचे किंवा कार्बनचे नॅनोकण शिरेतून सोडावेत. गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या, झिरपणाऱ्या असतात, त्यामुळे कण तिथे आपसूक साचतात. मग बाहेरून अवरक्त लेझरचा झोत टाकावा. निरोगी ऊती हा प्रकाश फारसा शोषत नाहीत. कण मात्र शोषतात आणि तापतात. तापमान पन्नास अंशांपुढे गेले की पेशी काही मिनिटांत मरतात. गाठ जागच्या जागी जळते, व्रण राहत नाही, केस गळत नाहीत. तेव्हा हाच उपचार लवकरच शस्त्रक्रियेची आणि केमोची जागा घेणार.

विज्ञानाच्या सदरांतून आणि विद्यापीठांच्या प्रसिद्धिपत्रकांतून हे चित्र वीसेक वर्षे फिरते आहे. शेवटचे वाक्य सोडले तर बाकीचे प्रयोगशाळेपुरते बरेचसे खरे आहे, म्हणूनच खंडन जपून करावे लागते.

मूळ प्रयोग चोख होता. २००३ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांवर सोन्याचा पातळ थर चढवला, मानवी स्तनकर्करोगाच्या पेशींत ते कण मिसळले आणि ८२० नॅनोमीटरचा लेझर टाकला. झोताखालच्या पेशी मेल्या. कण नसलेल्या पेशी त्याच झोताखाली जगल्या. पुढे उंदरांतल्या गाठींवर प्रयोग झाला आणि सहा मिनिटांच्या आत गाठीचे तापमान सरासरी ३७ अंशांनी चढले. मात्र दोन तपशील पुनःपुन्हा सांगण्याच्या ओघात गळून पडले. उंदरांतली ती गाठ स्तनाची नव्हती. कुत्र्यांत समागमातून पसरणारे एक अर्बुद उंदरांत वाढवलेले होते. आणि कण शिरेतून दिलेले नव्हते, सुईने सरळ गाठीत टोचलेले होते.

हा दुसरा तपशील मोलाचा आहे, कारण सगळी भिस्त कण आपसूक साचण्यावर आहे. झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांची कल्पना जपानमधल्या कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली मांडली. तीस वर्षांनी, २०१६ साली, टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दशकातले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब केला: शिरेतून दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणारा मध्यक वाटा ०.७ टक्के. कणांवर प्रतिपिंडांचे पत्ते चिकटवून ते मुद्दाम धाडले तर ०.९. उरलेले मुख्यतः यकृत आणि प्लीहेत जातात, आणि सोने तिथे विरघळत नाही. याच गटाने २०२० साली दाखवले की जे थोडके कण गाठीत शिरतात, तेही बहुतांशी रक्तवाहिनीच्या फटींतून झिरपत नाहीत. भिंतीच्या पेशी त्यांना स्वतः उचलून आत नेतात.

आता प्रकाश. प्रयोगशाळेतल्या उंदराचे वजन वीसेक ग्रॅम, गाठ कातडीच्या लगेच खाली. अर्ध्या ग्रॅमची गाठ म्हणजे त्याच्या वजनाचा चाळिसावा हिस्सा. साठ किलोच्या बाईला त्याच प्रमाणात दीड किलोची गाठ लागेल. स्तनात मेद पुष्कळ असल्याने अवरक्त प्रकाश त्यातून बराच आरपार जातो, हे कबूल. त्यावर प्रतिमा काढण्याची तंत्रेही आहेत. पण कण दिसण्यापुरता प्रकाश पोचणे वेगळे आणि तापवण्यापुरता पोचणे वेगळे. छातीच्या स्नायूला टेकलेल्या गाठीपर्यंत तापवण्याजोगे फारसे उरत नाही. मग झोत वाढवा, असे कोणी म्हणेल. ८०८ नॅनोमीटरला कातडीसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.३३ वॅट आहे, आणि उंदरांवरच्या असंख्य प्रयोगांत एक ते दोन वॅट वापरलेले असतात.

या साऱ्या अडचणी अभियंत्यांच्या आहेत, उद्या सुटतीलही. आयआयटी मुंबई आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांनी २०१५ साली लायपोसोमवर, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांवर, सोन्याचा मुलामा देऊन असे कण केले की काम झाल्यावर ते फुटून बारीक व्हावेत आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडावेत. यकृतात साचण्याच्या आक्षेपाला हे सरळ उत्तर होते. असे काम चालू राहिले पाहिजे. माझा मुख्य आक्षेप या अडचणींच्या पलीकडचा आहे.

स्तनातली गाठ स्तनात राहते तोवर कोणाचा जीव घेत नाही. जीव जातो तो हाडांत, यकृतात, फुप्फुसांत, मेंदूत पसरलेल्या रोगाने. हा धडा शल्यचिकित्सेने मोठी किंमत मोजून घेतला आहे. शल्यचिकित्सक हॉल्स्टेडच्या काळापासून स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी असे जितके जास्त कापावे तितके चांगले, अशी समजूत होती. बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत १८५१ स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला. २००२ साली निष्कर्ष आला: नुसती गाठ काढा की पूर्ण स्तन, आयुर्मान तेच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये राजेंद्र बडवे यांच्या गटाने, निदानाच्या वेळीच रोग दूर पसरलेल्या ३५० स्त्रियांत उलट बाजू तपासली. मूळ गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढून फायदा होतो का? २०१५ साली प्रसिद्ध झालेले मध्यक आयुष्य: शस्त्रक्रिया केलेल्यांत १९.२ महिने, न केलेल्यांत २०.५. सुरीने पूर्ण काढूनही जिथे आयुष्य वाढले नाही, तिथे लेझरने जाळून ते कसे वाढेल, हे सांगण्याची जबाबदारी पूर्वपक्षाची आहे. केमोची जागा गाठ जाळून भरता येत नाही. केमो गाठीसाठी कमी आणि न दिसणाऱ्या पसाऱ्यासाठी जास्त असते.

मग शस्त्रक्रियेची जागा तरी? शल्यचिकित्सक गाठ काढतो तेव्हा ती पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तो कडांना शाई लावून पाहतो: कड मोकळी आहे की नाही. दुग्धनलिकांतून पसरलेला प्राथमिक रोग प्रतिमेत अनेकदा दिसत नाही, तो इथे सापडतो. जाळलेल्या गाठीला कड नसते. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींत सुईवाटे लेझरचा तंतूच घातला होता, म्हणजे प्रकाश पोचण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर शस्त्रक्रियेने पाहिले तेव्हा ६१ पैकी ५१ गाठी पूर्ण मेलेल्या निघाल्या. दहांत रोग उरला होता. नॅनोकणांना निदान या आकड्याला तरी मागे टाकावे लागेल.

पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट उत्तर वेगळेच आहे. ते म्हणतील, गाठ जळताना जी प्रथिने सांडतात त्यांनी प्रतिकारशक्ती जागी होते आणि दूरच्या गाठीही आटतात. गाठीशी केलेल्या कृतीचा परिणाम दूरवर होतो हे टाटानेच दाखवले आहे. हे खरे. २०२३ साली बडवे यांच्याच गटाने दाखवले की शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देणारे स्वस्त औषध टोचले तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जाते. पण ते सुमारे १६०० स्त्रियांत, चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेतून दाखवले. प्रकाशाने गाठ तापवून प्रतिकारशक्ती जागी झाल्याचा भक्कम पुरावा अजून उंदरांतच आहे. बायकांतला आणा, मी पूर्वपक्षात येऊन बसेन.

खंडन झाले, आता मंडन. माझ्या मते या उपचाराची हक्काची जागा आहे ती स्तन काढल्यानंतर छातीच्या कातडीत पुन्हा उगवणाऱ्या गाठींत. तिथे रोग उथळ असतो, प्रकाश पोचतो, कण टोचून देता येतात आणि पुन्हा रेडिएशन देण्याला मर्यादा असतात. उष्णतेचा तिथला इतिहासही आशादायक आहे: १९९६ साली एकत्र प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांत ३०६ रुग्णांच्या उथळ गाठींपैकी नुसत्या रेडिएशनने ४१ टक्के पूर्ण विरल्या, जोडीला उष्णता दिल्यावर ५९ टक्के. आयुष्य वाढले नाही, पण छातीवरची वाहती जखम बंद होणे हा त्या बाईसाठी लहान लाभ नव्हे. मूळच्या सोन्याच्या कणांची माणसांतली नाव घेण्याजोगी चाचणी झाली ती पुरुषांत: २०१९ साली प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवर, तीही तंतू आत घालून. दिशा तीच ठरते: थोडी जागा, थेट प्रकाश, मोजके रुग्ण.

तोवर स्तनाची गाठ ‘नॅनो-लेझरने बिनऑपरेशन’ घालवून देतो असे कोणी सांगितले, तर पैसे देण्याआधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात माणसांवरच्या अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे आहे, आणि ती नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते.