माग काढणारे पोलीस श्वान

गुन्ह्याच्या जागी राहिलेल्या मानवी गंधावरून संशयिताचा माग काढण्यासाठी पोलीस दलात शिकवून तयार केलेले कुत्रे. या कामी ब्लडहाउंड ही जात विशेष प्रसिद्ध आहे. लांब लोंबते कान, सुरकुतलेली कातडी व अत्यंत तीक्ष्ण घ्राणेंद्रिय ही तिची वैशिष्ट्ये होत. माणसाच्या त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. त्यांचा आणि पायाखाली तुडवल्या गेलेल्या माती-गवताचा वास हुंगत कुत्रा पुढे जातो. ऊन, वारा, पाऊस व वर्दळ यांमुळे हा माग पुसट होतो. लंडनमध्ये 1888 साली व्हाइटचॅपल येथील खुनांच्या तपासासाठी बार्नाबी व बर्गो या दोन ब्लडहाउंडांची उद्यानांत चाचणी झाली. तथापि प्रत्यक्ष तपासात त्यांचा उपयोग झाला नाही.

दख्खनमध्ये माग काढण्याची प्रथा पोलीस श्वानांहून बरीच जुनी आहे. पेशवाईत चोरी झाल्यास गावचा रखवालदार पावलांच्या खुणांवरून चोराचा माग काढी. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की, तो तेथील रखवालदाराच्या हवाली करण्यात येई. ज्या गावी माग संपे, त्या गावावर चोरीस गेलेल्या मालाची जबाबदारी पडे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या 1819 च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. म्हणजे त्या व्यवस्थेत मागावरूनच दायित्व ठरत असे.

मुंबई पोलिसांचे श्वानपथक 1959 मध्ये स्थापन झाले. त्यात प्रथम ब्लडहाउंड नव्हे, तर डॉबरमन जातीचे कुत्रे होते. पुढे राज्यात जिल्हा पातळीवरही श्वानपथके उभी राहिली. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यासारख्या ग्रामीण भागात श्वान बाहेरून आणावा लागतो. तो पोहोचेपर्यंत बघ्यांनी जागा तुडवल्यास माग हाती लागणे कठीण होते. म्हणून घटनास्थळ राखणे, हे श्वानाच्या प्रशिक्षणाइतकेच महत्त्वाचे ठरते.

श्वान एखाद्या व्यक्तीपाशी थांबला, म्हणजे ती व्यक्ती दोषी ठरते काय, हा यातील कळीचा प्रश्न होय. महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये त्याचा विचार केला. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वर्तनाचा अर्थ श्वानहस्तक सांगतो व ती साक्ष ऐकीव ठरते, हा आक्षेप न्यायालयाने नोंदविला. श्वानाच्या पुराव्याच्या ग्राह्यतेविषयी अंतिम मत न देता, तो वगळूनही अन्य पुरावा पुरेसा आहे, असे ठरवून शिक्षा कायम करण्यात आली. कुत्र्याची किंवा हस्तकाची चूक होण्याचा संभव 2001 च्या एका निर्णयात अधिक स्पष्टपणे मांडला गेला. तपासाला साहाय्य म्हणून श्वान वापरण्यास मात्र त्या निर्णयाने हरकत घेतली नाही. 2008 मध्येही केवळ श्वानाच्या मागावर दोषसिद्धी आधारता येणार नाही, ही भूमिका कायम राहिली.

सारांश, जुन्या ग्रामव्यवस्थेत मागाने जबाबदारी निश्चित होई. आजच्या कायद्यात तो तपासाला केवळ दिशा देतो. त्या दिशेने जाऊन मिळालेली वस्तू, ठसे वा साक्ष यांवरच आरोप सिद्ध व्हावा लागतो.