पहिल्या पिढीतील पदवीधर (महाराष्ट्र)

आईवडिलांपैकी कोणीही महाविद्यालयीन पदवी घेतलेली नसताना पदवी संपादन करणारी व्यक्ती.

उगम : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले; मात्र उच्च शिक्षण दीर्घकाळ मुख्यतः शहरी व उच्चवर्णीय कुटुंबांपुरते राहिले. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाची उपेक्षा मांडली. राजर्षी शाहूंची कोल्हापुरातील वसतिगृहे (१९०१ पासून), कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था (१९१९) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी (१९४५) यांमुळे शेतकरी, कारागीर व दलित कुटुंबांतील मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचली. (→ वसतिगृह चळवळ, सत्यशोधक समाज).

वैशिष्ट्ये : शिष्यवृत्ती, फी-सवलत व ‘कमवा आणि शिका’ योजना हे या शिक्षणाचे प्रमुख आधार. नियमित पगार व सामाजिक प्रतिष्ठा यांमुळे शिक्षक, तलाठी, पोलीस, बँक कर्मचारी या नोकऱ्यांकडे कल असतो. त्यासाठी स्पर्धा परीक्षांची तयारी केली जाते. घरात अनुभवी मार्गदर्शक नसणे, व्यावसायिक ओळखींचा अभाव व इंग्रजीचा अपुरा सराव यांमुळे खासगी क्षेत्रातील प्रवेश अवघड होतो. भावंडांचे शिक्षण व कर्जफेड यांची जबाबदारी लवकर आल्याने संशोधन, स्वतंत्र व्यवसाय किंवा बिनपगारी उमेदवारी टाळली जाते. मुलींच्या बाबतीत विवाह व स्थलांतरावरील बंधनेही परिणाम करतात. (→ आरक्षण, स्पर्धा परीक्षा).

महत्त्व : पहिल्या पदवीधरामुळे कुटुंबातील पुढील मुलांना अभ्यासक्रम, प्रवेशप्रक्रिया व व्यवसायनिवडीची माहिती घरातच मिळते. १९६० नंतरच्या दलित व ग्रामीण साहित्यातील अनेक लेखक याच वर्गातील आहेत. (→ दलित साहित्य, सामाजिक गतिशीलता).