चौक (वाड्यातील)

मराठी वाड्याच्या मध्यभागी असलेले, चोहो बाजूंनी ओसऱ्यांनी वेढलेले, माथ्यावर छप्पर नसलेले फरसबंदी अंगण. तापलेली हवा चौकातून वर निघून जावी आणि तिच्या जागी सावलीतला गारवा दालनांत ओढला जावा, हे त्याचे एक प्रयोजन. परंतु ऊन, पाऊस आणि आकाश यांना घराच्या आत हक्काची जागा देणारी याहून समर्थ योजना आपल्या वास्तुकलेत क्वचितच आढळेल. पेशवाईत कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने पुण्यात आणलेले पाणी वाड्यांतील हौदांत व कारंज्यांत खेळविले जाई. शनिवारवाड्यातील, १८२८ च्या भीषण आगीनंतरही अवशिष्ट राहिलेले हजारी कारंजे तर सोळा पाकळ्यांच्या कमळाकृतीत घडविलेले आहे. एकाहून अधिक चौक असलेल्या वाड्यात मागील चौकात बहुधा तुळशीवृंदावन असे. सुतारांनीही वनश्रीचा हा अनुबंध लाकडात उतरविला : चौकाभोवतीचे सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते, आणि त्यांच्या माथ्याशी, महिरपीलगत, खाली झुकलेले केळफूल, ज्याची पाकळी पाकळीवर चढलेली नक्षी हाताने चाचपून पाहावी इतकी उठावदार असे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, १८०७ च्या सुमारास, उभ्या राहिलेल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा या काष्ठशिल्पाचा उत्कृष्ट नमुना होय.